दिल्लीचा दमा आणि हॅवलॉकचा समुद्र

अंदमानला जायचं माझं ठरलं ते विद्या जोशीच्या दिवाणखान्यात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. आर. के. पुरमच्या आमच्या सेक्टरात आम्ही मराठी बायका बारा-तेरा. तिळगूळ झाला, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे मिळाले, आणि आम्ही उठायच्या बेतात असताना विद्याने टीव्ही लावला.

"दोनच मिनिटांचा व्हिडिओ आहे यार, बघून जा ना."

व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. रोज सकाळी दुधाच्या बूथवर माझ्या मागे उभी राहणारी विद्या त्यात समुद्राच्या तळाशी होती. तोंडात नळी, पाठीवर सिलिंडर, भोवती पिवळे मासे. एक मासा तर थांबून तिच्या चष्म्यात डोकावून गेला. बायका "अय्या" म्हणत होत्या. मी "वा, छान" म्हटलं. पण माझ्या पोटात जे दुखायला लागलं होतं ते काही तिळगुळाने नव्हतं.

तुम्हीच सांगा, मी वेंगुर्ल्याची. आमच्या घराच्या पायरीवर बसलं की लाट ऐकू यायची. विद्या नागपूरची. तिच्या माहेरी ओहोटी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागेल. आणि समुद्र आतून बघितला तो तिने! त्यात दारात चपला घालताना ती मायेने म्हणाली, "तूपण जा गं एकदा. अरे पण तुला तर दमा आहे ना? मग नाही जमायचं. तिथे मेडिकल फॉर्म असतो."

"अच्छा," मी म्हटलं आणि डबा घेऊन घरी आले. अंगाचा तिळपापड झाला होता.

दम्याचं एकदा स्पष्ट करते, कारण पुढे सगळं त्यावरच अडणार आहे. वेंगुर्ल्यात मी कधी खोकलेसुद्धा नव्हते. नोकरी लागून दिल्लीला आले, आणि तिसऱ्या की चौथ्या नोव्हेंबरात छातीत शिट्टी वाजायला लागली. तेव्हापासून दिवाळी संपली की माझा पंप पर्समध्ये आणि फेब्रुवारी उजाडला की कपाटात. माहेरी गेले तर पंपाची आठवणही होत नाही. म्हणून माझं पहिल्यापासून म्हणणं आहे की हा दमा माझा नाही, दिल्लीचा आहे. मी फक्त इथे राहते.

आर. के. पुरम: तयारीचं वर्ष

मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. सहकाऱ्यांच्या एलटीसीच्या, म्हणजे रजा घेऊन सरकारी सवलतीत फिरून येण्याच्या, फायली बावीस वर्षं माझ्या टेबलावरून जातात. अमक्याने केरळ बघितलं, तमकीने गंगटोक बघितलं, अशी टिपणं लिहून मी वर पाठवत आले. आम्ही स्वतः दर वेळी सवलत वापरून गावीच गेलो. होमटाउनच्या बदल्यात विमानाने अंदमानला जाता येतं हा नियम मला तोंडपाठ होता, पण तो लोकांसाठी. त्या रात्री जेवताना मी जाहीर केलं, की या खेपेला तो आपल्यासाठी.

"अंदमान? चालेल की," दिलीप म्हणाले. "सेल्युलर जेल बघायचंच होतं."

"जेल नाही. समुद्राच्या खाली जायचंय. दोघांनी."

दिलीप म्हणजे माझे यजमान. फरीदाबादच्या एका केंद्रीय कार्यालयात ते भूजलाचे, जमिनीखालच्या पाण्याचे, नकाशे काढतात. माणूस बीडचा. नदी बघितली ती पावसाळ्यातच, आणि तीही काठावरून. जमिनीखालचं पाणी डोक्यावरून वाहत नाही, म्हणून त्यांना ती नोकरी मानवली. त्यांनी भाताचा घास तसाच हातात धरला आणि म्हणाले, "अगं, मला बादलीत तोंड घातलं तरी धाप लागते."

आमची ईशा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. दिल्लीत जन्मली, दिल्लीत वाढली. ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आई, तू विद्यामावशीवर इतकी जळतेयस क्यों?"

"जळत नाहीये. हेवा वाटतोय."

"हेवा म्हणजे?"

"जळणंच. पण चांगल्या घरातलं."

तिला कॉलेज होतं, म्हणून ती येणार नव्हती. पण कोणत्या बेटावर जायचं, कोणत्या महिन्यात पाणी स्वच्छ असतं, हे तिनेच शोधून दिलं. फेब्रुवारी उत्तम निघाला, पुढच्या वर्षीचा. म्हणजे माझ्या हातात वर्ष होतं. स्कूबाच्या पहिल्या डुबकीला पोहता यायला लागत नाही, शिक्षक धरून नेतो, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. तरी मी ठरवलं की मी पोहायला शिकणार. विद्याला पोहता येत नाही, हे मी चौकशी करून ठेवलं होतं.

एप्रिलपासून सकाळी सहाची बायकांची बॅच. सत्तेचाळिसाव्या वर्षी गुडघ्यापर्यंतचा काळा पोशाख आणि रबरी टोपी घालून मी कॉलेजातल्या मुलींच्या रांगेत उभी राहिले. पहिला महिना नुसते बुडबुडे काढण्यात गेला. कोच मॅडम काठावरून ओरडायच्या, "आंटी, पानी आपका दुश्मन नहीं है!" जुलैत मी हात मारायला लागले आणि ऑगस्टच्या अखेरीस या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता गेले. दिलीप रोज स्कूटरवरून सोडायला यायचे आणि जाळीबाहेर टॉवेल घेऊन उभे राहायचे. मी आत या म्हटलं की त्यांना ऑफिसला उशीर व्हायचा.

त्यांचा होकार मी शेवटी कस्तुरबा गांधी मार्गावर मिळवला. तिथल्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहात रविवारी जेवायला गेलो होतो. दुसरी पुरणपोळी ताटात पडल्यावर हा माणूस कशालाही हो म्हणतो, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

मग फाईल उघडली. फाईल म्हणजे खरीच फाईल, पिवळी, दोरीवाली. सहा दिवसांचा कार्यक्रम, बोटीच्या वेळा, डायव्हिंगवाल्यांशी झालेला पत्रव्यवहार, सगळं क्रमांक घालून लावलं. डुबकी मारल्यावर पुढचा अख्खा दिवस विमानात बसायचं नसतं हे कळल्यावर तारखा पुन्हा मांडल्या. दोघांच्या दोन-दोन डुबक्या ठरवल्या, म्हणजे विद्यापेक्षा एक जास्त.

नोव्हेंबर नेहमीसारखाच आला. तीन आठवडे पंप चालला. डिसेंबरात सरकारी दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना म्हटलं, मला फिटनेस सर्टिफिकेट हवंय. त्यांच्याकडे बाहेर चाळीस पेशंट होते. त्यांनी छातीला नळी लावली, "बिल्कुल ठीक," म्हणाले, आणि छापील कागदावर सही करून शिक्का मारून दिला. सही आणि गोल शिक्का असलेला कागद हातात आला की मी तो वाचत नाही. ही सवय मला नोकरीने लावली. मी तो फाईलला लावला आणि निश्चिंत झाले.

हॅवलॉक: पहिले दोन दिवस

विमान आणि बोट गाळते. बोटीत मला काही झालं नाही आणि दिलीप दोन तास डोळे मिटून बसले होते, एवढं पुरे.

हॅवलॉकला उतरल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे भरपूर श्वास घेतला. काय हवा होती! ओल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा आणि मिठाचा वास. छाती दार उघडल्यासारखी मोकळी झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुपारी, केळी, मध्येच भाताचं खाचर. वेंगुर्ल्याला आल्यासारखं वाटून मला भरून आलं. फक्त इथे संध्याकाळी साडेपाचलाच अंधारायला लागतं आणि पहाटे सहाच्या आत लख्ख उजाडतं. घड्याळ दिल्लीचं आणि सूर्य बर्म्याचा. हिंदी सगळ्यांना येते, बंगाल्याला, तमिळाला, सगळ्यांना, आणि कुणी ती ओरडून बोलत नाही. दिल्लीत इतकी वर्षं राहून मला वाटायचं ती भाषा ओरडूनच बोलायची असते.

रात्री एका बंगाली बाईंच्या खाणावळीत मासे जेवलो. मासा ताजा, शंकाच नाही. पण मोहरीच्या वाटणात घातलेला. आमच्याकडे सोलं आणि तिरफळं घालून त्याच माशाचं सोनं केलं असतं. मी तसं बोलून दाखवलं. दिलीपनी मुकाट्याने माझाही तुकडा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही डायव्हिंगच्या झोपडीवर हजर. शिक्षकाचं नाव अँथनी. मध्य अंदमानातला करेन, म्हणजे त्याचे पणजोबा बर्म्यातून येऊन इथे वसले. बुटका, शांत, पायांत काही न घालता वावरणारा. त्याने आम्हाला एकेक फॉर्म दिला. फुफ्फुसं, हृदय, कान, फिट्स, असे बरेच प्रश्न आणि प्रत्येकापुढे हो की नाही.

दिलीपनी वरपासून खालपर्यंत नाहीची एक रेघ ओढली आणि सही केली. मला फॉर्म असा भरता येत नाही. मी प्रत्येक प्रश्न वाचला. दम्यापुढे हो केलं. तपशिलाला जागा कमी होती, म्हणून फाईलमधून आधीच टाईप करून आणलेलं जोडपत्र काढलं: त्रास कधी सुरू झाला, कोणत्या महिन्यात होतो, औषध कोणतं, शेवटचा वापर कधी. त्याखाली दवाखान्याचं सर्टिफिकेट. सगळं टाचणी लावून दिलं. दडवायचं कशाला? सही-शिक्का होता ना.

अँथनीने जोडपत्र दोनदा वाचलं. मग सर्टिफिकेट उलटंसुलटं केलं.

"मैडम, इसमें लिखा है आप ड्यूटी जॉइन करने के लिए फिट हैं."

मी कागद घेतला. खरंच. आजारपणाच्या रजेनंतर कामावर रुजू होण्याचा तो छापील नमुना होता. डॉक्टरांकडे तेवढा एकच नमुना असणार. बावीस वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासणाऱ्या बाईने स्वतःचा कागद वाचला नव्हता.

"अरे भैया, फिट तो फिट है," मी म्हटलं. "और वह दमा मेरा नहीं है, दिल्ली का है. यहाँ देखिए, बिल्कुल साफ," आणि मी त्याला मोठा श्वास घेऊन दाखवला.

तो हसला नाही. "यस लिखा है तो डॉक्टर का लेटर चाहिए, डाइविंग के लिए. उसके बिना मैं नहीं ले जा सकता. नीचे अगर साँस अटकी तो मैं आपको एकदम ऊपर नहीं ला सकता, फेफड़ा फट सकता है. सर चल सकते हैं."

सर! सर तर माझ्या मागे, परत जायचा रस्ता कोणता ते बघत उभे होते.

"मी नाही गं जात एकटा," दिलीप लगेच म्हणाले. त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. तो ऐकून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "जा. निदान एकाने तरी जा." मनात म्हटलं, पाच मिनिटांत ओरडत वर येतील.

मला बोटीतून सोबत यायची परवानगी होती. अँथनी म्हणाला, पोहता येतं तर मास्क लावून वरून बघा, वरून काही धोका नाही, रिंग टाकून देतो. मी नको म्हटलं. दुधाची तहान मी ताकावर भागवणार नव्हते.

उथळ पाण्यात दिलीपना नळीतून श्वास घ्यायला, नाक दाबून कान मोकळे करायला शिकवलं. मग बोट आत गेली. त्यांनी चष्मा, घड्याळ आणि घडी केलेला शर्ट माझ्या मांडीवर ठेवला, माझ्याकडे फाशी जाणाऱ्या माणसाने बघावं तसं बघितलं, आणि अँथनीने त्यांना उलटं पाण्यात सोडलं.

चार मिनिटं झाली नसतील, डोकं वर आलं. घाबरले! मला इतकं बरं वाटलं की सांगायची लाज वाटते. मी हात पुढे केला. तर नळी काढून दिलीप अँथनीला म्हणतायत, "अरे नहीं नहीं, मैं तो बोल रहा था बढ़िया है!" त्यांनी खाली जाऊन खुशीत अंगठा दाखवला होता आणि पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ वर न्या असा होतो. चूक समजली आणि दोघे परत बुडाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

नंतर पाऊण तास ते आले नाहीत. मी बुडबुडे मोजत बसले. हातात शर्ट होता. वेंगुर्ल्याला माझे तिघे भाऊ जेट्टीवरून उड्या मारायचे आणि मी त्यांचे कपडे धरून वाळूत बसायचे. मुलींनी कुठे पाण्यात जायचं, असं आई म्हणायची. माझा समुद्र, माझा समुद्र म्हणून मी जो मिरवते तो तेवढाच, काठावर बसून बघितलेला. त्याचं खरं दुःख मला त्या बोटीत झालं. वर्षभर मेहनत माझी, फाईल माझी, आणि आयत्या बिळावर हे नागोबा!

दिलीप वर आले. मास्कचा वळ कपाळावर, ओठ खारट पांढरे. चेहरा असा दिसत होता की ओळखीचा असूनही मला क्षणभर परका वाटला. ईशा झाली तेव्हा तिला पहिल्यांदा हातात घेऊन ते असेच दिसले होते.

"काय होतं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मांडीवरच्या शर्टाकडे बघितलं आणि म्हणाले, "काही विशेष नाही गं. पाणीच पाणी."

हॅवलॉक: तिसरा दिवस

आदल्या दिवशी दुपारीच मी आरोग्य केंद्रात जाऊन आले होते. तिथला तरुण डॉक्टर भला निघाला. पाठीला, छातीला नळी लावून त्याने नीट ऐकलं आणि म्हणाला, "आज छाती साफ है. पर नवंबर में तीन हफ़्ते पंप लिया है, मैं साइन नहीं करूँगा. इसकी अलग जाँच होती है, वह यहाँ नहीं है." त्याच्याशी भांडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला आले तर दिलीप आधीच येऊन टेबलावर वाकून काहीतरी काढत होते. मी दिसताच त्यांनी कागद बशीखाली सरकवला. मी बशी उचलली. नकाशा होता. समुद्राच्या तळाचा. कुठे प्रवाळ, कुठे वाळू, कुठे उतार सुरू होतो, सगळं बारीक रेघांनी, त्यांच्या ऑफिसातल्या सफाईने. एका कोपऱ्यात बाण काढून लिहिलं होतं, "येथे निळे मासे, शंभर तरी. सगळे एकदम वळले."

"पाणीच पाणी ना?" मी म्हटलं.

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटायचं ते वाटलंच. वर तुम्ही चोरून ठेवलंत!"

मी जेवण सोडणारी बाई नाही, पण त्या दिवशी डोसा तसाच टाकून उठले. किनाऱ्याने चालत सुटले. पाणी इतकं सुंदर होतं, हिरवं, मग फिकं निळं, मग गडद. मला त्याच्याकडे बघवेना. अर्ध्या तासावर दुसरी एक डायव्हिंगची झोपडी दिसली. मी आत गेले. जागा होती. तिथल्या मुलीने तसाच फॉर्म पुढे केला.

शासनाला खोटी माहिती दिल्यास कारवाई होईल, हे वाक्य मी किती जणांना बोट ठेवून दाखवलं असेल! आता मी पेन उचललं आणि नाही, नाही, नाही करत गेले. दम्यापाशी हात थांबला. मनात म्हटलं, तो दिल्लीचा. नाही केलं आणि सही ठोकली.

मुलीने मला पायाचं माप विचारलं. मी सांगितलं. छातीत धडधडत होतं, पण खुशीने. तेवढ्यात दारात सावली पडली. दिलीप धापा टाकत मागोमाग आले होते. त्यांनी टेबलावरचा फॉर्म पाहिला, चष्मा वर करून वाचला.

"दिलीप, काही बोलू नका," मी मराठीत म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नावाने हाक मारली.

ते त्या मुलीला म्हणाले, "मैडम को अस्थमा है. यह फ़ॉर्म ग़लत भरा है."

बाहेर येऊन मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. स्वतः खाली जाऊन आलात आणि माझ्या हातातोंडाशी आलेला घास काढून घेतलात, हे त्यातलं सौम्य. वाळूत दोन कुत्री झोपली होती, तीही उठून गेली. दिलीप मान खाली घालून ऐकत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "खाली गेलो नसतो तर गप्प बसलो असतो. मलापण वाटायचं, त्यात काय एवढं, चार घटका श्वासाचा प्रश्न. पण खाली दुसरं काही नसतंच गं. आपला श्वास आत जातो, बाहेर येतो, तेवढाच आवाज. आणि मी पाऊण तास तोच ऐकत होतो. माझा नाही, तुझा. नोव्हेंबरातला. अठरा-एकोणीस वर्षं उशाशी ऐकतोय मी तो. तुला वाटतं तो दिल्लीचा आहे. असेल. पण वाजतो तुझ्या छातीत."

मला रडू आलं, ते रागाचं की कसलं, कोण जाणे. आम्ही परत चालत आलो. वाटेत त्यांनी शहाळं घेतलं आणि दोन नळ्या मागितल्या. मी माझं वेगळं घेतलं.

हॅवलॉक: चौथा दिवस

दुसरी डुबकी या दिवशी होती. सकाळी सहाला मी उठले तर दिलीप पांघरूण ओढून पडलेले.

"उठा, उशीर होतोय."

"मी नाही जात. आपण दोघं हत्ती-बित्ती बघू इथला एखादा."

हत्ती! मी बिछान्याच्या कडेला बसून विचार केला. खरं सांगते, पहिल्यांदा आनंद झाला. नाही जात म्हणतायत ना, राहू देत. दोघांनाही नाही, म्हणजे समान न्याय. पण पुढचं दिसायला लागलं. हा माणूस कधी बोलून दाखवणार नाही की तुझ्यासाठी मी सोडलं. ते नकाशे काढत बसतील, कागद बशीखाली सरकवतील, आणि मला मात्र जन्मभर त्यांचं ऋणी राहावं लागेल. त्यापेक्षा जळणं परवडलं. जळण्याची मला सवय आहे, उपकाराची नाही.

मी पांघरूण ओढलं. "जा म्हणते ना. आणि वर आल्यावर पाणीच पाणी म्हणालात तर याद राखा."

बोटीत बसल्यावर मीच अँथनीला मास्क मागितला. त्याने काही न विचारता दिला, दोरी बांधलेली रिंग पाण्यात टाकली आणि नावाड्याला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलं. दिलीप आधी गेले. मग मी शिडीने उतरले, चेहरा पाण्यात घातला, नळीतून श्वास घेतला.

आर. के. पुरमच्या तलावात खाली निळ्या फरशा दिसतात. इथे तळ दिसेचना, मग हळूहळू दिसायला लागला आणि मी घाबरून रिंगला हात लावला. आपण इतक्या उंचावर आहोत! खाली प्रवाळाची टेकडी, तपकिरी, जांभळी, तिच्यावरून माशांचे थवे कबुतरांसारखे फिरत होते. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, हात फाकून, अँथनीने मानेपाशी धरलेले आमचे दिलीप. कुठल्याशा बिळात डोकावून बघत होते. ते काय बघतायत ते मला इथून दिसणार नव्हतं. माझा जीव नुसता जळला. आतापर्यंत विद्यावर जळत आले ते काहीच नव्हे.

पण मी हात काढला रिंगवरून. पाय सैल सोडले. पाण्याने मला धरलं. त्यांचे बुडबुडे खालून निघायचे, वर येता येता ताटाएवढे व्हायचे आणि माझ्या पोटावर, हातांवर येऊन फुटायचे. मी त्यांच्या डोक्यावर हिंडत राहिले, ते जातील तिकडे. एकदा त्यांनी वर बघितलं. मी हात केला. त्यांनी अंगठा उचलला, मग आठवण होऊन घाईघाईने खाली घेतला. तेवढं करून ते बराच वेळ वरच बघत राहिले, अँथनीने ओढलं तेव्हा पुढे सरकले.

बोटीत मी आधी चढले होते. दिलीप वर येऊन फळीवर बसले, पायांतले रबरी पंख काढायचे राहिले होते.

"हं, सांगा," मी म्हटलं. "सगळं. काही गाळायचं नाही."

त्यांनी सांगितलं. बिळात वाम मासा होता, सापासारखा, दात दाखवणारा. एक कासव गेलं, घाई नसल्यासारखं. गोगलगाईसारखा एक प्राणी, लुगड्याच्या काठाच्या रंगाचा. मी मधूनमधून प्रश्न विचारत होते, आणि प्रत्येक उत्तराने नव्याने जळत होते. मग ते थांबले.

"काय झालं? बोला ना."

"तुला बघितलं वर," ते म्हणाले. "मला तर खाली अँथनीने धरलं होतं, मांजराच्या पिल्लाला धरतात तसं. त्याने सोडलं असतं तर मी बुडालो असतो. तू कशालाच धरलं नव्हतंस. नुसती पसरली होतीस, उन्हात. मागे सगळं चमकत होतं." त्यांनी टॉवेल तोंडावरून फिरवला. "एक सांगू? इतका हेवा वाटला मला तुझा."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. थट्टा नव्हती. डोळे खरंच तसे होते, ज्या डोळ्यांनी मी गेले दोन दिवस त्यांच्याकडे बघत होते. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? फार बरं वाटलं.

"वाटू दे," मी म्हटलं आणि त्यांचा चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला. "एप्रिलमध्ये पुरुषांची बॅच सातला असते. तोवर जळा."